बो स्ट्रीटचे अंध मॅजिस्ट्रेट : सर जॉन फील्डिंग



आपल्या घरी चोरी झाली तर आपण काय करतो? पोलीस ठाण्यावर जाऊन फिर्याद देतो. पोलीस तपास करतात, संशयिताला पकडून न्यायालयापुढे उभे करतात. सरकारी वकील खटला चालवतात, न्यायाधीश निकाल देतात आणि शिक्षा झालीच तर गुन्हेगाराला तुरुंग अधिकाऱ्याच्या स्वाधीन केले जाते. पोलीस, वकील, न्यायालय आणि तुरुंग या एकाच साखळीच्या कड्या आहेत असे आपण धरून चालतो. परंतु यातली एक कडी दुसरीशी जोडलेली नसेल तर काय होईल? ठाण्यातील माहिती न्यायालयात पोचली नाही, न्यायालयाचा हुकूम तुरुंगात पोचला नाही, तर एकीकडे खरा चोर मोकळा सुटेल आणि दुसरीकडे एखादा निरपराध इसम केवळ कागद हलला नाही म्हणून गजाआड कुजत पडेल. इन्साफ हा केवळ न्यायाधीशाच्या निकालात नसतो. तो या कड्यांच्या जोडणीतही असतो.

ही जोडणी एका अवाढव्य शहरात चिकाटीने करून दाखविणाऱ्या माणसाची ओळख मी आज तुम्हांला करून देणार आहे. त्यांचे नाव सर जॉन फील्डिंग. अठराव्या शतकात लंडन शहरात त्यांनी सुमारे सव्वीस वर्षे मॅजिस्ट्रेटचे काम केले आणि या साऱ्या काळात त्यांना डोळ्यांनी काहीही दिसत नव्हते.

अनेक सरकारांचे एक शहर

प्रथम त्या काळचे लंडन कसे होते ते समजून घ्या, म्हणजे फील्डिंग यांच्या कामाचे मोल कळेल. १७५० च्या सुमारास लंडनची वस्ती सुमारे पावणेसात लाख होती. एवढ्या मोठ्या शहराला एक कारभारी नव्हता. जुने तटबंदीतले शहर लॉर्ड मेयर आणि त्यांचे आल्डरमन यांच्या ताब्यात होते. पश्चिमेकडील वेस्टमिन्स्टरचा कारभार निराळा. आजूबाजूची वस्ती मिडलसेक्स परगण्यात, तर थेम्स नदीपलीकडचा भाग सरे परगण्यात मोडत असे. त्यातही प्रत्येक चर्चच्या हद्दीला, म्हणजे पॅरिशला, आपापला पहारा असे. चोराने एक गल्ली ओलांडली की तो जणू परमुलखात गेला!

पोलीस दल असे नव्हतेच. पॅरिशमधील रहिवाशांवर पाळीपाळीने एक वर्षासाठी कॉन्स्टेबलचे काम येई, तेही बिनपगारी. ज्यांच्याजवळ पैसा असे ते बदली माणूस देऊन मोकळे होत. रात्री कंदील व काठी घेऊन पहारेकरी फिरत, त्यांत म्हातारे आणि दुबळे पुष्कळ असत. सरकारी वकील ही संस्था नव्हती. ज्याची चोरी झाली त्यानेच चोर शोधावा, साक्षीदार जमवावेत आणि पदरचा पैसा खर्चून खटला चालवावा अशी रीत होती. गरीब माणूस खर्चाच्या धास्तीने मुकाट बसे. पुष्कळसे मॅजिस्ट्रेट पक्षकारांकडून मिळणाऱ्या फीवर जगत, म्हणून जितकी भांडणे अधिक तितकी त्यांची कमाई अधिक. तुरुंगाचे जेलरही कैद्यांकडून पैसे उकळत. निर्दोष सुटलेल्या कैद्यालाही जेलरची फी चुकवल्याखेरीज बाहेर पडता येत नसे.

यावर सरकारने काढलेला उपाय तर रोगापेक्षा भयंकर ठरला. वाटमारी करणाऱ्याला पकडून त्याचा गुन्हा शाबीत केला की चाळीस पौंड बक्षीस मिळे. त्या काळी साध्या मजुराची ही जवळजवळ दोन वर्षांची कमाई होती. या बक्षिसासाठी चोर पकडण्याचा धंदाच उभा राहिला. १७५४ मध्ये अशी एक टोळी उघडकीस आली. टोळीतील माणसे भोळ्या पोरांना फूस लावून गुन्हा करायला लावीत आणि मग स्वतःच त्यांना पकडून देऊन बक्षीस घेत. पोरे फाशी जात आणि यांचे खिसे भरत. वाचकहो, न्यायाच्या नावाने चाललेला हा बाजार ध्यानात ठेवा. कड्या जुळलेल्या नसल्या की मधल्या फटीत असेच दलाल शिरतात.

डोळे गेले, उमेद गेली नाही

जॉन फील्डिंग यांचा जन्म १७२१ साली झाला. वडील एडमंड फील्डिंग सैन्यात मोठे अधिकारी होते. जॉन यांचे सावत्र थोरले बंधू हेन्री फील्डिंग हे इंग्रजीतील नामवंत कादंबरीकार. त्यांची ‘टॉम जोन्स’ ही कादंबरी १७४९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आजही महाविद्यालयांतून अभ्यासली जाते. जॉन तरुणपणी नौदलात गेले. एकोणिसाव्या वर्षी एका अपघातात त्यांची दृष्टी कायमची गेली.

विद्यार्थी मित्रांनो, एकोणीस वर्षांचे वय म्हणजे तुमचे महाविद्यालयाचे वय. अशा वयात डोळ्यांपुढे अंधार झालेल्या तरुणाने नशिबाला दोष देत घरात बसून राहावे, हेच लोकांना अपेक्षित होते. जॉन यांनी तसे केले नाही. इतरांकडून कायद्याची पुस्तके वाचून घेऊन, ऐकून ऐकून त्यांनी कायदा मुखोद्गत केला. १७५० मध्ये दोघा भावांनी मिळून एक नोंदणी कचेरी काढली. कोणाला नोकर हवा, कोणाला नोकरी हवी, कोणाला घर भाड्याने द्यायचे, याची माहिती तेथे एका वहीत उतरवली जाई आणि गरजवंतांची गाठ घालून दिली जाई. विखुरलेली माहिती एका ठिकाणी लिहून ठेवली तर अनेकांची कामे होतात हा धडा जॉन यांना या कचेरीत मिळाला, आणि पुढे आयुष्यभर त्यांनी तोच गिरवला.

अंध माणूस जबाबदारीचे पद सांभाळू शकतो का, असा प्रश्न आपल्या मनात यायला नको. हजरत अब्दुल्ला इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) हे अंध सहाबी आपल्या परिचयाचे आहेत. ते मदीना शरीफमध्ये अजान देत. एवढेच नव्हे, तर हुजूर पैगंबर (स.) मोहिमेवर बाहेर गेले असता मदीनेची जबाबदारी त्यांच्यावर सोपविल्याचे इतिहास सांगतो. ज्याला एखाद्या अवयवाची उणीव आहे त्याला कामापासून दूर ठेवावे, अशी शिकवण आपल्याला मुळीच नाही.

भावाचा वारसा

हेन्री फील्डिंग १७४८ मध्ये वेस्टमिन्स्टरचे मॅजिस्ट्रेट झाले आणि कॉव्हेंट गार्डनजवळील बो स्ट्रीट या रस्त्यावरच्या घरात राहू लागले. त्यांच्या आधी सर थॉमस डी व्हेल हे मॅजिस्ट्रेट १७४० पासून त्याच रस्त्यावर कचेरी चालवीत असत. राहते घर हीच कचेरी आणि हेच न्यायालय. हेन्री यांनी सहाएक प्रामाणिक माजी कॉन्स्टेबल निवडून चोर शोधण्याचे नियमित काम त्यांच्यावर सोपवले. पुढे हीच माणसे बो स्ट्रीटचे रनर या नावाने प्रसिद्ध झाली. १७५३ मध्ये शहरात खून-दरोड्यांचा कहर झाला, तेव्हा न्यूकॅसलचे ड्यूक यांनी हेन्री यांना बोलावून उपाय विचारला. हेन्री यांनी सहाशे पौंड मागितले. आरंभी दोनशे मिळाले आणि तेवढ्यात त्यांनी एक मोठी टोळी मोडून काढली. परंतु त्यांचे शरीर आजारांनी खंगले होते. हवापालटासाठी ते पोर्तुगालला गेले आणि ८ ऑक्टोबर १७५४ रोजी लिस्बन येथे त्यांचा अंत झाला. भावाचा सहायक म्हणून तयार झालेल्या तेहतीस वर्षांच्या जॉन यांच्या खांद्यावर बो स्ट्रीटचा भार आला.

एका वहीची ताकद

जॉन फील्डिंग यांनी काय केले? त्यांनी सैन्य उभारले नाही, कडक कायद्यांची मागणी करून ते थांबले नाहीत. त्यांनी माहितीला वाट करून दिली.

चोरी झाली की ताबडतोब बो स्ट्रीटला कळवा, असा त्यांनी लोकांमागे लकडा लावला. वृत्तपत्रांतून ते हे पुनःपुन्हा छापीत. कोणती वस्तू गेली, ती दिसायला कशी होती, चोराचे वय, उंची, कपडे, बोलण्याची ढब कशी होती, हे सारे कारकून वहीत उतरवून घेई. तेच वर्णन ‘पब्लिक ॲडव्हर्टायझर’ या वृत्तपत्रात छापले जाई. गहाणवट करणाऱ्या सावकारांना त्यांनी सांगून ठेवले होते की हे पत्र रोज वाचा आणि वर्णनाची वस्तू कोणी गहाण ठेवायला आणली तर आम्हांला कळवा. चोराला माल विकल्याशिवाय गत्यंतर नसते, तेव्हा विक्रीच्या जागी लक्ष ठेवले की चोर आपोआप सापडतो, हे त्यांचे साधे गणित होते.

१७५५ मध्ये त्यांनी लंडनभोवतीच्या वीस मैलांसाठी एक योजना पुस्तकरूपाने मांडली. वाटमारी झाली की गावकऱ्यांनी घोडेस्वाराबरोबर लेखी वर्णन बो स्ट्रीटला पाठवावे. स्वाराने जाता जाता वाटेतल्या जकातनाक्यांना आणि खाणावळींना तीच खबर द्यावी. बो स्ट्रीटला माणसे तयार असतच, ती तत्काळ निघत. खबर चोराच्या पुढे धावली पाहिजे, हा या योजनेचा आत्मा होता.

पकडलेला संशयित समोर आला की फील्डिंग त्याची जाहीर चौकशी करीत. पुरावा अपुरा वाटल्यास काही दिवसांनी पुन्हा चौकशी ठेवून ते वृत्तपत्रात नोटीस देत. ज्यांच्याकडे चोऱ्या झाल्या असतील त्यांनी यावे, माणूस पाहावा, माल ओळखावा. कित्येकदा एका चोराला पाहायला आलेल्या दोन-चार लोकांना आपला माल सापडे. मग संशयित न्यूगेट तुरुंगात जाई आणि खटला ओल्ड बेली न्यायालयात उभा राही. तेथे पुरावा सुसंगत यावा म्हणून बो स्ट्रीटचे लोक साक्षीदारांना हजर ठेवीत. तक्रारदार, सावकार, वृत्तपत्र, जकातनाका, रनर, मॅजिस्ट्रेट, तुरुंग, वरचे न्यायालय अशी साखळी प्रथमच एका सुतात ओवली जाऊ लागली.

जॉन फील्डिंग डोळ्यांवरून काळी पट्टी बांधून न्यायासनावर बसत. तीन हजार चोर ते नुसत्या आवाजावरून ओळखतात असे लंडनमध्ये बोलले जाई. यात लोकांनी घातलेली भर किती, हा प्रश्न बाजूला ठेवू. खरी गोष्ट अशी की ज्याला स्वतःला वाचता येत नव्हते, त्याने साऱ्या शहराला लिहून ठेवण्याची सवय लावली. १७६१ मध्ये राजाने त्यांना सर हा किताब दिला.

पैशाची आणि हद्दीची अडचण

सगळेच सुरळीत झाले असे समजू नका. १७६३ मध्ये शहराबाहेरच्या रस्त्यांवर वाटमारी वाढली तेव्हा फील्डिंग यांनी आठ घोडेस्वारांची गस्त सुरू केली. उपयोग लगेच दिसून आला. परंतु १७६४ मध्ये खजिन्याने पैसा देणे बंद केले आणि गस्त मोडली. गुन्हे कमी झाले म्हणून खर्च बंद, आणि खर्च बंद म्हणून गुन्हे पुन्हा सुरू! औषधाने ताप उतरला म्हणून औषध फेकून देणाऱ्या रोग्यासारखी ही गत होती.

१७७० मध्ये पार्लमेंटच्या समितीने त्यांची साक्ष घेतली. त्यांनी पहाऱ्याची दशा उघड केली. काही रस्त्यांची एक बाजू एका पॅरिशमध्ये आणि दुसरी बाजू दुसऱ्या पॅरिशमध्ये होती. समोरच्या बाजूला माणूस लुटला जात असला तरी अलीकडचा पहारेकरी त्याच्या मदतीला जाऊ शकत नसे, कारण ती त्याची हद्द नव्हे. हा सारा पहारा एका देखरेखीखाली आणावा असे त्यांचे म्हणणे होते. १७७४ मध्ये वेस्टमिन्स्टरसाठी कायदा झाला, पहारेकऱ्यांची संख्या व पगार ठरले, परंतु ताबा मात्र पॅरिशांकडेच राहिला. आपला अधिकार सोडायला कोणीच तयार नव्हते. शिवाय पोलीस हा शब्दच तेव्हा इंग्रज माणसाला परका वाटे. फ्रान्सच्या राजासारखे हेर घरोघर फिरतील अशी त्याला धास्ती होती.

तरीही फील्डिंग थांबले नाहीत. १७७२ मध्ये त्यांनी सर्वांत मोठी योजना हाती घेतली. देशभरचे मॅजिस्ट्रेट, नगराध्यक्ष आणि जेलर यांना त्यांनी पत्रे पाठवली. तुमच्याकडून पळालेल्या गुन्हेगारांची वर्णने मला कळवा, तुमच्या तुरुंगात असलेल्या संशयितांची माहिती द्या, मी ती छापून सर्वांना पाठवीन, असा त्याचा आशय होता. त्याप्रमाणे वर्षातून चार वेळा एक पत्रक निघू लागले. त्याचीच परंपरा पुढे इंग्लंडच्या पोलीस गॅझेटपर्यंत पोचली.

आम्हा शिक्षकांना ही कल्पना समजायला सोपी आहे. एका शाळेतील मुलगा दुसऱ्या शाळेत जातो तेव्हा त्याच्याबरोबर शाळा सोडल्याचा दाखला जातो. त्यावर जन्मतारीख असते, इयत्ता असते, वर्तणूक असते. दाखला नसेल तर नव्या शाळेला त्या मुलाविषयी काहीच कळत नाही आणि अनेकदा त्याचे वर्ष वाया जाते. फील्डिंग यांनी एका परगण्यातून दुसऱ्या परगण्यात जाणाऱ्या माणसाची नोंद त्याच्याबरोबर जाईल अशी सोय केली.

आपल्याकडेही ही जाण जुनीच होती. अबुल फजल यांच्या ‘आईन-ए-अकबरी’मध्ये कोतवालाची जी कर्तव्ये दिली आहेत, त्यांत शहरातील घरांची आणि आल्यागेल्या माणसांची नोंद ठेवणे हेही एक आहे. मात्र पहारा कोतवालाचा आणि निवाडा काझीचा, अशी कामाची वाटणीही आपल्या जुन्या शहरांना माहीत होती. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

फाशीच्या आधी मुले वाचवा

फील्डिंग यांच्या समोर रोज लहान मुले उभी राहत. आईबाप नसलेली, रस्त्यावर झोपणारी, भुकेपोटी खिसे कापणारी ही मुले. त्या काळचा कायदा इतका क्रूर होता की किरकोळ चोऱ्यांनाही फाशीची शिक्षा असे. या मुलांना केवळ तुरुंगात टाकून गुन्हे थांबणार नाहीत हे त्यांना उमगले. १७५६ मध्ये जोनास हॅनवे या परोपकारी गृहस्थाने मरीन सोसायटी स्थापन केली. फील्डिंग यांनीही वर्गणी गोळा करून अशा मुलांना कपडेलत्ते दिले व जहाजांवर कामाला पाठवले. १७५८ मध्ये लॅम्बेथ येथे अनाथ मुलींसाठी आश्रम सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. युद्धाच्या काळात मुलांना जहाजावर पाठवणे यात धोका होताच, आणि आज आपण अशा मुलाला प्रथम शाळेत पाठवू. पण गुन्हेगारी रोखण्याच्या साखळीत न्यायालयाच्या आधीची एक कडी आहे आणि ती मुलांच्या पोटाची व शिक्षणाची आहे, हे त्यांनी ओळखले होते.

चंद्रावरील डाग

थोर माणसाचे चरित्र सांगताना त्याच्या उणिवा झाकू नयेत. फील्डिंग यांच्या पद्धतीत एक मोठा दोष होता. तपास करणारी माणसे त्यांचीच, चौकशी करणारे मॅजिस्ट्रेट तेच, आणि वृत्तपत्रात नाव छापणारेही तेच. खटला उभा राहण्याआधीच माणसाचे नाव चोर म्हणून गावभर होई. मग ज्यूरीचे मन स्वच्छ कसे राहणार? त्यांच्या हयातीतच ही टीका झाली आणि ती खोटी नव्हती. कड्या जोडाव्यात हे खरे, पण साऱ्या कड्या वितळवून एकच गोळा करू नये. पोलिसाची चूक दाखवायला न्यायाधीश वेगळा असला पाहिजे. काझी आणि कोतवाल एकच झाले तर फिर्याद कोणाकडे न्यायची?

दुसरा डाग माणुसकीचा. वेस्ट इंडीजमधून मालकांनी लंडनला आणलेले काळे गुलाम येथे आल्यावर स्वातंत्र्य आणि पगार मागू लागले, तेव्हा १७६८ मध्ये फील्डिंग यांनी आपल्या पुस्तकात त्यांच्याविरुद्ध तक्रारीचा सूर लावला. गरीब इंग्रज पोरांसाठी कळवळणाऱ्या या माणसाला काळ्या माणसाचे दुःख दिसले नाही. डोळ्यांचे अंधत्व त्यांनी जिंकले, परंतु आपल्या काळाचे अंधत्व त्यांनाही जिंकता आले नाही.

शेवटची रात्र

१७८० च्या जून महिन्यात लंडनमध्ये भयंकर दंगल पेटली. १७७८ मध्ये पार्लमेंटने कॅथलिक या अल्पसंख्य पंथावरील काही जुनी बंधने सैल केली होती. लॉर्ड जॉर्ज गॉर्डन यांच्या नेतृत्वाखाली याविरुद्ध मोर्चा निघाला आणि त्याचे दंगलीत रूपांतर झाले. कॅथलिकांची प्रार्थनामंदिरे आणि घरे जाळली गेली. ६ जूनच्या रात्री जमावाने न्यूगेट तुरुंगाला आग लावून कैदी सोडवले आणि बो स्ट्रीटच्या कचेरीत घुसून सामान व कागदपत्रे रस्त्यावर आणून जाळली. वर्षानुवर्षांच्या नोंदींची राख झाली. लॉर्ड मेयर कचरत राहिले, अनेक मॅजिस्ट्रेट जमाव पांगवण्याचा हुकूम द्यायला धजले नाहीत, पॅरिशचे पहारेकरी पळाले. अखेर सैन्य आले आणि गोळीबारात शेकडो लोक मेले. कर्तव्यात कसूर केल्याबद्दल लॉर्ड मेयरवर पुढे खटला झाला आणि ते दोषी ठरले.

अनेक हद्दींचे शहर संकटाच्या वेळी अनाथ असते, हे फील्डिंग पंचवीस वर्षे सांगत आले होते. ते खरे ठरलेले पाहणे त्यांच्या नशिबी आले. त्या वेळी ते ब्रॉम्प्टन येथे आजारी होते. ४ सप्टेंबर १७८० रोजी त्यांचे निधन झाले.

लावलेल्या रोपाची फळे

१७८५ मध्ये साऱ्या लंडनसाठी एका पोलीस व्यवस्थेचे विधेयक आले, पण जुन्या शहराच्या विरोधामुळे ते बारगळले. १७९२ मध्ये बो स्ट्रीटच्या नमुन्यावर सात नव्या कचेऱ्या निघाल्या आणि प्रत्येकीत तीन पगारी मॅजिस्ट्रेट नेमले गेले. फीच्या लोभाला आळा बसला. १८२९ मध्ये रॉबर्ट पील यांनी लंडनचे पोलीस दल उभारले. १८३९ मध्ये बो स्ट्रीटच्या रनरांचे काम संपले आणि पोलीस व मॅजिस्ट्रेट यांची खाती निराळी झाली. जुन्या शहराने मात्र आपले पोलीस वेगळे ठेवले, ते आजही वेगळे आहेत. बो स्ट्रीटचे न्यायालय २००६ मध्ये बंद झाले.

या रोपाची फांदी आपल्या मुंबईपर्यंतही आली. लंडनच्या धर्तीवर येथे शहर पोलिसांची रचना झाली आणि १८६४ मध्ये फ्रँक सूटर मुंबईचे पोलीस कमिशनर झाले. भारतीय संविधानाच्या ५० व्या कलमाने न्यायखाते सरकारच्या कारभारापासून अलग ठेवण्याचे तत्त्व सांगितले. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने न्यायिक मॅजिस्ट्रेट उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली आणले. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. तिच्यानुसार दखलपात्र गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, त्याची खबर कोणत्याही ठाण्यात द्यावी, ती नोंदवली गेलीच पाहिजे. ही आमची हद्द नव्हे, असे म्हणून फिर्यादीला परत पाठवता येत नाही. रस्त्याच्या पलीकडचा पहारेकरी आठवतो ना?

आपण काय घ्यावे?

पालक हो, ही परदेशातील जुनी गोष्ट आपल्या मुलांना का सांगावी? कारण साखळीतील फटी आजही आहेत. आपल्या देशातील तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी आहेत. म्हणजे त्यांचा खटला अजून संपलेला नाही. १९७९ मध्ये हुसैनारा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आले की बिहारच्या तुरुंगांत कित्येक माणसे आपल्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेपेक्षाही अधिक काळ खटल्याविना पडून आहेत. वृत्तपत्राने बातमी दिली, वकिलाने ती न्यायालयात नेली, न्यायालयाने हुकूम दिला आणि दारे उघडली. खटला वेळेवर चालणे हा माणसाच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे हे तेव्हा ठरले. पाहा, पुन्हा कड्या जुळल्या तेव्हाच न्याय झाला.

म्हणून काही गोष्टी गाठीला बांधा. गुन्हा घडला तर तत्काळ कळवा आणि नेमके कळवा. ऐकीव माहिती पाहिली म्हणून सांगू नका, कारण खोट्या साक्षीने निरपराध माणसाचे आयुष्य उद्ध्वस्त होते. खबर देणाऱ्याला तिची प्रत मोफत मिळण्याचा हक्क आहे, ती मागून घ्या आणि जपून ठेवा. तारखा वहीत लिहून ठेवा. वकील करण्याची ऐपत नसेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे मोफत कायदेशीर मदत मिळते. स्त्रिया, मुले आणि कोठडीतील व्यक्ती यांना तर ती उत्पन्नाची अट न लावता मिळते. प्रत्येक जिल्हा न्यायालयात याची कचेरी असते. लाजेने किंवा भीतीने घरात बसू नका.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही डॉक्टर आणि इंजिनियर होण्याची स्वप्ने पाहता, जरूर पाहा. पण कायदा शिकणारी, पोलीस खात्यात जाणारी, न्यायालयात कारकुनी करणारी, तुरुंगात समुपदेशन करणारी मुले-मुलीही आपल्या समाजाला हवी आहेत. ज्या टेबलावर एक कागद अडतो त्या टेबलामागे इमानदार माणूस बसला असेल, तर कुठल्यातरी घरातला कर्ता माणूस सहा महिने आधी घरी परततो. हे काम लहान नाही.

इल्म म्हणजे नुसती पदवी नव्हे. आपल्याला जे कळले ते ज्याला हवे त्याच्यापर्यंत वेळेवर आणि खरेपणाने पोचवणे हेही इल्मचेच काम आहे. एका अंध माणसाने एक वही, एक वर्तमानपत्र आणि थोडी माणसे एवढ्या बळावर ते करून दाखवले. तुम्हांला तर अल्लाहने डोळे दिले आहेत आणि शाळेने अक्षर दिले आहे. त्यांचा वापर इन्साफासाठी करा.